काशीने घरपट्टी नाकारली

6 ऑक्टोबर 1810 रोजी कलकत्त्यात गव्हर्नर जनरल लॉर्ड मिंटो यांच्या सरकारने त्या वर्षाचे पंधरावे रेग्युलेशन मंजूर केले. बंगाल, बिहार, ओरिसा आणि बनारस या प्रांतांमधल्या शहरांत यापुढे राहत्या घरांवर कर बसणार होता. राहत्या घराच्या वार्षिक भाड्यावर शेकडा पाच आणि दुकानाच्या भाड्यावर शेकडा दहा असा दर ठरला. ज्या घरात मालक स्वतःच राहतो, त्याचे भाडे कोणी कोणाला देत नाही. म्हणून शेजारपाजारच्या तशाच आकाराच्या, तशाच बांधणीच्या घराला जे भाडे मिळते ते धरून आकारणी करायची होती. लष्करी लोक राहत असलेल्या इमारती, देवळे आणि मशिदी, रिकामी घरे यांना माफी होती. कर थकला तर घरातल्या चीजवस्तू जप्त करून विकायच्या, अशीही तरतूद होती.

या कायद्यातले भाड्याचे कलम नीट लक्षात ठेवावे, कारण पुढचा सगळा तंटा त्यावर उभा आहे. शेतसारा पिकावर असतो आणि जकात मालावर असते. राहते घर मात्र घरमालकाला दमडीचे उत्पन्न देत नाही. ते जर भाड्याने दिले असते तर किती मिळाले असते, या कल्पनेवर हा कर बसतो. आजोबांनी बांधलेल्या चौसोपी वाड्यात एखादी विधवा एकटी राहत असेल आणि शिवणटिपण करून पोट भरत असेल, तर कागदावर ती श्रीमंत ठरते. कर भरायला पैसे मात्र तिला उत्पन्नातूनच काढावे लागतात आणि उत्पन्न तर नाही. जगात जिथे जिथे राहत्या घरावर नवा कर आला, तिथे तिथे हाच पेच उभा राहिला. बनारसच्या लोकांनी तो दोनशे वर्षांपूर्वी जितक्या स्पष्टपणे मांडला, तितका तो त्यानंतरही क्वचितच कोणी मांडला असेल.

कंपनी सरकारला हा कर का सुचला? 1793 मध्ये बंगालचा आणि 1795 मध्ये बनारसचा जमीनमहसूल कायमधाऱ्याने बांधून टाकला होता. म्हणजे जमिनीच्या उत्पन्नात कितीही वाढ झाली तरी सरकारचा वाटा वाढणार नव्हता. खर्च मात्र वाढतच होता. त्याच सुमारास फ्रेंचांकडून मॉरिशस आणि डचांकडून जावा घेण्याच्या मोहिमा चालू होत्या. शेतकऱ्याकडून आणखी घेता येत नाही, तर शहरवाल्याकडून घ्यावे, असा हा सरळ हिशेब होता. कलकत्त्यात घरांवर कर पूर्वीपासून होता आणि तोच आता इतर शहरांना लागू करायचा आहे, एवढेच आपण करतो आहोत अशी सरकारची समजूत होती. कलकत्ता हे कंपनीने वसवलेले शहर आणि काशी ही काशी, हा फरक कौन्सिलच्या टेबलावर कोणाच्या ध्यानात आला नाही.

डिसेंबरात बनारसमध्ये घरांची मोजणी सुरू झाली. कारकून मोहल्ल्यामोहल्ल्यातून फिरून दारे मोजू लागले, भाड्यांची चौकशी करू लागले. सॅल्मन हे कलेक्टर होते आणि डब्ल्यू. डब्ल्यू. बर्ड हे हंगामी मॅजिस्ट्रेट. 25 डिसेंबरच्या सुमारास बर्ड यांनी कलकत्त्याला कळवले की शहरात खळबळ आहे. काही दिवसांतच बाजार बंद पडला. दुकाने मिटली, कारागिरांनी हत्यारे खाली ठेवली आणि माणसांचे लोंढे घरे सोडून शहराबाहेरच्या मोकळ्या जागेत येऊन बसू लागले. 2 जानेवारी 1811 च्या पत्रात सॅल्मन यांनी आकडा दिला आहे तो वीस हजारांहून अधिक माणसांचा. कर रद्द होईपर्यंत उठणार नाही असे म्हणून ही माणसे धरणे धरून बसली होती.

या धरण्याची सुरुवात कोणी केली, हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे. पंडितांनी केली नाही, महाजनांनीही नाही. ती लोहारांनी केली. लोहारांची जात आधीच दुसऱ्या कामासाठी एकत्र जमली होती. घरपट्टीची बातमी लागताच त्यांनी इतर जातींना निरोप धाडले. मग मिस्त्री आले, शिंपी, न्हावी, कहार, विणकर, कोयरी, कुणबी आले. प्रत्येक जातीची पंचायत होती आणि पंचायतीचा शब्द मोडणे म्हणजे रोटीबेटीच्या व्यवहाराला मुकणे. सरकारी पत्रांत एका ‘धर्मपत्री’चा उल्लेख येतो. ही शपथेची चिठ्ठी गावोगाव फिरवली जात होती आणि घरटी एक माणूस बनारसला पाठवा असे तिच्यात बजावलेले होते. ज्या कोयरी-कुणब्यांच्या झोपडीला हा कर कदाचित लागणारही नव्हता, ते आसपासच्या खेड्यांतून उठून शहरात आले, ते या चिठ्ठीमुळे.

नावाड्यांनी नावा बांधून ठेवल्या. गंगेकाठच्या शहरात नावा बंद होणे म्हणजे काय, हे सांगायला नको. त्याहून कठीण गोष्ट पुढे घडली. अंत्यसंस्काराची कामे करणारे लोकही धरण्यात होते, त्यामुळे प्रेते विधीशिवायच गंगेत सोडावी लागली. मोक्षासाठी लोक ज्या गावी मरायला येतात, त्या गावाने आपल्याच मृतांचे संस्कार थांबवले. घरपट्टीबद्दलची चीड किती खोल गेली होती, याची याहून मोठी खूण दुसरी कोणती असेल असे मला वाटत नाही.

इतकी माणसे खात काय होती, हा प्रश्न अधिकाऱ्यांनाही पडला. याचे उत्तर त्यांच्याच अहवालांत आहे. ऐपतीप्रमाणे वर्गणी काढली जात होती. पैसेवाले पैसे देत, इतर लोक लाकूडफाटा, तेल, शिधा देत आणि हातावर पोट असणाऱ्यांना तो वाटला जाई. रोजची मजुरी बुडवून महिनाभर बसायचे असेल तर कोणीतरी चूल पेटती ठेवावी लागते. काशीने ती ठेवली. दंगा करणाऱ्या जमावाला शिध्याची व्यवस्था लावावी लागत नाही, आणि ही व्यवस्था पाहूनच बर्ड अधिक अस्वस्थ झालेले दिसतात. मारामारी झाली असती तर फौजेला काम मिळाले असते. इथे लोक नुसते बसले होते.

आणखी एक गोष्ट. ऑक्टोबर 1809 मध्ये, म्हणजे जेमतेम सव्वा वर्षापूर्वी, याच शहरात लाट भैरवाच्या जागेवरून हिंदू-मुसलमानांचा भयंकर दंगा झाला होता आणि तो शमवायला फौज आणावी लागली होती. त्या वेळीही मॅजिस्ट्रेट बर्डच होते. आता तीच माणसे, तेच विणकर आणि तेच कारागीर एका शपथेने बांधले जाऊन शेजारी शेजारी बसली होती. सरकारी पत्रांमध्ये हिंदू आणि मुसलमान दोघांचा एकत्र उल्लेख पुनःपुन्हा येतो आणि त्यात अधिकाऱ्यांचे आश्चर्य लपत नाही. 1809 चा तो दंगा आपल्या इतिहासलेखनात पुष्कळ चर्चिला गेला. त्यानंतरचे हे धरणे मात्र फारसे कोणाला आठवत नाही. या विस्मरणाचा मला राग येतो. एखाद्या शहराचे भांडण लक्षात ठेवायचे आणि त्याचा एकोपा विसरायचा, हा त्या शहरावरचा अन्याय आहे.

माणसांच्या आकड्याबद्दल सावध राहायला हवे. बिशप हेबर 1824 मध्ये बनारसला आले, तेव्हा त्यांना या धरण्याच्या कथा ऐकायला मिळाल्या आणि त्यांनी आपल्या प्रवासवर्णनात तीन लाख माणसे बसली होती असे नोंदवले. पण जेम्स प्रिन्सेप यांनी 1820 च्या दशकाच्या अखेरीस केलेल्या मोजणीत शहराची वस्तीच दोन लाखांच्या आसपास निघते. तेव्हा हेबर यांचा आकडा ऐकीव आणि फुगलेला मानावा, सॅल्मन यांचा जागेवरचा आकडा धरावा. वीस हजार हीदेखील लहानसहान गोष्ट नव्हे. शहरातल्या दर दहा माणसांमागे एक जण, तेही ऐन पौषाच्या थंडीत, उघड्यावर.

आता त्यांच्या अर्जाकडे वळू. शहरातल्या मोहल्ल्यांच्या रहिवाशांनी दिलेला हा अर्ज फारसा मोठा नाही, पण त्यातला एकेक मुद्दा करशास्त्राच्या वर्गात शिकवावा असा आहे.

पहिला मुद्दा हक्काचा. अर्जदार म्हणतात की पूर्वीच्या सुलतानांनी मालगुजारीचा, म्हणजे सरकारी महसुलाचा हक्क प्रजेच्या राहत्या घरांपर्यंत कधी नेला नव्हता. वारशाने आलेले किंवा विकत घेतलेले घर हे राजाच्या वाट्याबाहेरचे आहे. याला ते पुरावा काय देतात? थकबाकीपायी जमीनदाराची इस्टेट लिलावात काढतात, तेव्हासुद्धा त्याचे राहते घर त्यातून वगळतात. म्हणजे ज्याचे सर्वस्व विकले जाते त्याचे छप्परही ज्या राज्यात शाबूत राहते, त्या राज्यात काहीही न थकवलेल्या माणसाच्या छपराला हात लावायचा हा कुठला न्याय? युक्तिवाद सरकारच्याच नियमावर बांधलेला आहे, म्हणून तो खोडायला अवघड.

इथे एक टीप जोडायला हवी. सुलतानांनी घरावर कर कधी घेतलाच नाही, हे विधान सबंध हिंदुस्थानाला लागू होत नाही. आपल्याकडे पेशवाईत घरपट्टी होती. कारागीर आणि दुकानदार यांच्याकडून मोहतर्फा घेतला जाई, तोही दख्खनमध्ये जुना. तेव्हा अर्जदार सांगतात तो बनारसचा रिवाज, तेवढ्यापुरता तो खरा मानावा. परंतु रिवाज हीच त्या काळची राज्यघटना होती. कलकत्त्याचा रिवाज काशीवर लादणे, ही त्यांची तक्रार त्यामुळे कमकुवत होत नाही.

दुसरा मुद्दा खर्चाचा. हा कर पोलिसांच्या खर्चासाठी आहे असे सांगितले जात होते. अर्जदारांचे म्हणणे असे की बंगाल-बिहारमध्ये पोलिसांचा खर्च स्टॅम्प वगैरे करांतून भागतो आणि बनारसमध्ये तो मालगुजारीतून भागतो. मग हा कर नेमका कशासाठी? शिवाय बनारसच्या मोहल्ल्यांत फाटकबंदीची जुनी पद्धत होती. मोहल्ल्याच्या तोंडाशी फाटक, रात्री ते बंद करायला आणि पहारा द्यायला चौकीदार, आणि त्या चौकीदाराचा पगार मोहल्लेवालेच देत. ज्या रखवालीसाठी सरकार पैसे मागत होते, तिचे पैसे लोक आधीच एकमेकांत काढत होते. त्यांनी गणितही मांडले. शहरात सुमारे पन्नास हजार घरे धरली, तर त्यांतली जवळजवळ तीन हिस्से देवळे, मशिदी आणि धर्मादाय दिलेली घरे. उरलेल्या घरांवरचा कर गोळा केला तर फाटकबंदीच्या खर्चाहून फारसे जास्त काही उरणार नाही. घरांचा आकडा त्यांनी ढोबळ सांगितला असेल, पण कोणत्याही नव्या कराला पहिल्यांदा विचारायचा प्रश्न हाच: वसुलीचा खर्च जाता हातात राहणार किती?

या धर्मादाय घरांत मराठी माणसांचाही वाटा होता. अहिल्याबाई होळकरांनी विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभारून तेव्हा तीसच वर्षे झाली होती. घाट, अन्नछत्रे, ब्राह्मणांना राहायला दिलेली घरे यांवर मराठी सरदारांनी अठराव्या शतकात अमाप पैसा खर्च केला होता. दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट या भागांत दक्षिणी कुटुंबांची दाट वस्ती होती. दान मिळालेल्या घरात राहणारा वेदपाठी या कराच्या तावडीत येतो की सुटतो, हा प्रश्न म्हणूनच पुण्या-इंदुराशीही बांधलेला होता.

तिसरा मुद्दा धर्माचा. शास्त्राप्रमाणे पंचक्रोशीतली सारी काशी हे एकच क्षेत्र आहे. सरकारच्याच कायद्यात देवस्थानांना माफी आहे. तर मग सबंध शहरालाच माफी मिळायला हवी. आजच्या वाचकाला यात वकिली चतुराई दिसेल. ती आहेच, आणि तिच्याखाली खरी श्रद्धाही आहे. दोन्ही एकाच वाक्यात नांदू शकतात.

चौथा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो साध्या माणसाचा आहे. स्टॅम्प, कोर्टाची फी, जकाती, शहरातल्या मालावरचे कर हे सगळे वाढतच आले आहेत, त्यापायी धान्य महागले आहे, आणि आता घरावरचा कर म्हणजे जखमेवर मीठ, असे अर्जदार लिहितात. शहरात असे पुष्कळ लोक आहेत की ज्यांचे घर पडले तर ते पुन्हा बांधण्याची त्यांची ऐपत नाही. कोणी एखाद-दोन खोल्यांच्या भाड्यावर कशीबशी गुजराण करतात. सरकारला घर दिसते, त्या घरातली चूल दिसत नाही. नवा कर एकटा येत नसतो, तो आधीच्या करांच्या ओझ्यावर येऊन बसतो, आणि माणूस मोडतो तो शेवटच्या ओझ्याने नव्हे तर सगळ्या ओझ्याने, हे अर्थमंत्र्यांना पटवून देणे आजही सोपे नाही.

अर्ज फेटाळला गेला. त्याच्या भाषेत उद्धटपणा आहे, असा ठपकाही आला. सरकारची अडचण वेगळीच होती. कर चुकीचा आहे की बरोबर, हा प्रश्न जानेवारीतच मागे पडला होता. लोकांच्या दडपणापुढे एकदा झुकलो तर पुढच्या प्रत्येक हुकुमाला असेच धरणे बसेल, ही भीती पुढे आली होती. कलकत्त्याहून आलेल्या पत्रांचा सूर असा की कायदा मागे घेणार नाही, गर्दी मोडा, गरज पडली तर फौज वापरा. त्याबरोबरच 11 जानेवारीच्या हुकुमाने धार्मिक पंथांच्या लोकांची आणि अगदी गरिबांची घरे करातून वगळण्यात आली. एका हाताने दटावायचे आणि दुसऱ्या हाताने सवलत द्यायची, ही आजच्या वाचकालाही ओळखीची रीत आहे. मेजर जनरल मॅकडॉनल्ड यांच्या हाताखालची फौज शहराभोवती तयार होती. जमावबंदी झाली, धरण्यावरच्या लोकांना शिधा पोचवणाऱ्यांची धरपकड झाली, नावाड्यांवर आणि खेड्यांतल्या जमीनदारांवर दबाव आला. पण गोळी झाडली गेली नाही. बसलेल्या, हात जोडलेल्या, निःशस्त्र हजारो माणसांवर झाडायची तरी कोणत्या कारणाने?

जानेवारी सरत आला तसे धरणे थकू लागले. तेव्हा लोकांनी दुसरा बेत केला. सगळ्यांनी मिळून पायी कलकत्त्याला जायचे आणि गव्हर्नर जनरलपुढेच गाऱ्हाणे मांडायचे. प्रत्येक घराने एक माणूस द्यावा, नाहीतर वाटखर्चाला पैसे द्यावेत, असे ठरले. निघायच्या वेळी थोडेच लोक जमले आणि जे निघाले तेही काही मजलांनंतर परतले. महिनाभर मजुरी बुडालेल्या माणसांना शेकडो मैल चालत जा म्हणणे, हे त्यांच्या शक्तीबाहेरचे होते. अशा वेळी बनारसचे राजे उदितनारायण सिंह मध्यस्थीला आले. त्यांच्या शब्दावर लोक उठले, घरी गेले, आणि फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात राजांच्या मार्फत नव्याने विनंती करण्यात आली. बर्ड यांनी कलकत्त्याला शांतता झाल्याचे कळवले. कागदोपत्री सरकार जिंकले होते.

पण पाटणा, सारण, मुर्शिदाबाद, भागलपूर इथेही विरोध धुमसत होता. भागलपूरला ऑक्टोबर 1811 मध्ये संध्याकाळी फिरायला निघालेल्या कलेक्टरवर विटा-दगड पडले आणि ते कसेबसे बचावले. वसुली करायची तर प्रत्येक दाराशी जायला हवे आणि प्रत्येक दार बंद, अशी गत झाली. शेवटी 1812 मध्ये सरकारने घरपट्टीचा तो कायदा मुकाट्याने रद्द केला. लोकांच्या दडपणामुळे रद्द करतो असे कुठे म्हटले नाही. म्हणण्याची गरजही नव्हती.

गोष्ट इथे संपली असती तर ती फार गोड झाली असती. कंपनीने थोड्याच दिवसांत हाच पैसा चौकीदारी कराच्या नावाने मागायला सुरुवात केली. 1816 मध्ये तो बरेलीत लागू करताना मुफ्ती मुहम्मद ऐवज यांच्याभोवती लोक जमले. या वेळी संयम दोन्ही बाजूंनी सुटला. एप्रिलमध्ये फौजेशी झालेल्या लढाईत तीनशेहून अधिक शहरवासी मेले. चौकीदारी कर राहिला. तोच पुढे नगरपालिकांच्या घरपट्टीचा एक पूर्वज ठरला. काशीचे बसून राहणे जिंकले आणि बरेलीचे लढणे हरले, एवढा साधा निष्कर्ष मी काढणार नाही. काशीजवळ एक राजा होता, जातपंचायतींची घट्ट वीण होती आणि देशभर पोचणारे नाव होते. काशीत रक्त सांडले तर त्याची बातमी सेतुबंधापर्यंत जाईल, हे इंग्रजांना कळत होते. बरेलीला हे संरक्षण नव्हते.

राहत्या घरावरच्या कराचा हाच पेच पाहायला आता दोनशे वर्षे पुढे, आयर्लंडमध्ये जाऊ. तिथे राहत्या घरांवरचा स्थानिक कर 1978 मध्ये रद्द झाला होता आणि एक सबंध पिढी त्याच्याशिवाय वाढली. 2008 च्या मंदीत आयरिश बँका बुडाल्या, त्यांना वाचवताना सरकार बुडू लागले आणि 2010 मध्ये युरोपीय संघ व नाणेनिधीकडून कर्ज घ्यावे लागले. त्या कर्जाच्या अटींत घरांवरचा कर होता. 2012 मध्ये प्रत्येक घरामागे सरसकट 100 युरोचा आकार बसला. राजवाड्यासारखे घर असो की दोन खोल्यांचे, रक्कम तीच. लोकांच्या मनातली बोच आणखी वेगळी होती. अनेकांनी तेजीच्या काळात भरमसाट भावाने घर घेतले होते, आता त्या घराची किंमत कर्जाहूनही खाली आली होती. घेताना मुद्रांक शुल्क भरले, बँकेचे हप्ते भरतो आहोत, बँकेला वाचवायचा भुर्दंडही आपल्यावरच, आणि वर हा आकार. इथेही जखमेवर मीठच.

मोहीम उभी राहिली ती नोंदणी न करण्याची. सरकारकडे घरांची पूर्ण यादीच नव्हती, मालकाने स्वतः नोंद करायची होती. 31 मार्च 2012 या शेवटच्या तारखेपर्यंत सुमारे सोळा लाख घरांपैकी जेमतेम निम्म्यांची नोंद झाली. त्या दिवशी डब्लिनमध्ये सत्ताधारी पक्षाच्या अधिवेशनाबाहेर हजारो लोक जमले होते. विरोध जिंकणार असे वाटत होते. सरकारने मग पद्धतच बदलली. जुलै 2013 पासून घराच्या बाजारभावावर, दहा लाख युरोपर्यंत शेकडा 0.18 असा नवा कर आला आणि वसुली थेट महसूल खात्याकडे गेली. कोणी भरला नाही तर पगारातून, पेन्शनमधून किंवा सरकारी भत्त्यातून परस्पर कापून घेण्याचा अधिकार त्या खात्याला मिळाला. नव्वद टक्क्यांहून अधिक घरांचा भरणा झाला आणि असहकार संपला.

बनारस आणि डब्लिन यांच्यातला खरा फरक इथे आहे. बनारसमध्ये कर गोळा करायला कारकुनाला माणसाच्या दाराशी यावे लागत होते आणि दारातला माणूस नाही म्हणू शकत होता. डब्लिनमध्ये दाराशी येण्याची गरज उरली नाही. पगार हातात पडण्याआधीच कर गेलेला असतो. लोकांची हरकत खोटी ठरली नाही, ती व्यक्त करण्याची जागा तेवढी नाहीशी झाली. म्हणून आजच्या राज्यकर्त्यांवर जबाबदारी जास्त येते. घरावरचा कर मुळात वाईट आहे असे मी म्हणत नाही. रस्ता, गटार, पाणी, दिवे यांचा खर्च कुठून तरी यायला हवा, आणि जमिनीच्या वाढत्या किमतीचा काही भाग गावाला परत मिळावा, हे न्यायाचेच आहे. मोठ्या बंगल्यांच्या मालकांनी गरीब विधवेला पुढे करून स्वतःचा कर वाचवल्याचे प्रकारही जगभर झाले आहेत. 1978 मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी घरांवरचा कर खरेदीच्या किमतीला बांधून टाकला, वर्षाला दोन टक्क्यांहून अधिक वाढ नाही असे ठरवले. म्हाताऱ्यांची घरे वाचली खरी. पण आज तिथे एकाच गल्लीतल्या दोन सारख्या घरांत जुना मालक चिमूटभर आणि नवा मालक त्याच्या कित्येक पट कर भरतो, आणि शाळांना पैसा कमी पडला.

कर बरोबर असला तरी तो बसवण्याची रीत बरोबर असावी लागते. उत्पन्न नसलेल्या घराला वेगळे माप हवे, गोळा झालेला पैसा त्याच गावात खर्च झालेला दिसायला हवा, आणि आकारणीआधी माणसाला विचारलेले असायला हवे. मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांची घरपट्टी 2022 च्या सुरुवातीला माफ झाली, ती या पहिल्या कसोटीची आपल्याकडची कबुली आहे. उरलेल्या दोन कसोट्यांवर आपल्या पालिका कुठे आहेत, ते वाचकांनी आपल्या गल्लीतून चालत जाऊन पाहावे.

बनारसची ही सगळी कागदपत्रे दीडशे वर्षे लंडनच्या आणि इथल्या दप्तरखान्यांत पडून होती. गांधीजींच्या सत्याग्रहाचे मूळ थोरो आणि टॉल्स्टॉय यांच्यात शोधणाऱ्यांना ती माहीत नव्हती. इतिहाससंशोधक धरमपाल यांनी ती हुडकली, हातांनी उतरून घेतली आणि 1971 मध्ये जयप्रकाश नारायण यांच्या प्रस्तावनेसह इंग्रजीत पुस्तकरूपाने छापली. असहकार ही आपल्या लोकांची जुनी, सरावाची गोष्ट होती, हे त्यांनी सरकारी पत्रांच्याच आधारे दाखवले. धरमपाल यांची अखेरची वर्षे वर्ध्याजवळ सेवाग्राममध्ये गेली आणि 24 ऑक्टोबर 2006 रोजी ते तिथेच वारले. बनारसच्या रहिवाशांचा तो अर्ज मराठीत आणून आपल्या शाळांच्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकात छापावा, अशी माझी पाठ्यपुस्तके तयार करणाऱ्यांना मनापासून विनंती आहे.